शेतीचे व्हिडिओ करणाऱ्यांची उमेद

वाशिम जिल्हा हा मुख्यत्वेकरून खरिपाचा जिल्हा होय. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा या सहाही तालुक्यांत सोयाबीन हे प्रमुख पीक असून त्यात तुरीचे आंतरपीक घेण्याची पद्धत रूढ आहे. रब्बीत हरभरा असतो, काही भागांत हळद होते, आणि अलीकडच्या वर्षांत चिया हे अगदी नवे पीकही येथील शेतात आले आहे. पीक नवे असो वा जुने, हंगामात शंका उत्पन्न झाली म्हणजे तिचे उत्तर त्याच दिवशी हवे असते. पूर्वी ही शंका घेऊन शेतकरी तालुक्याच्या गावी जात असे. आज तो बांधावर उभा राहून खिशातील मोबाइल काढतो व यूट्यूबवर उत्तर शोधतो. अशा शोधणाऱ्यांपैकीच काही तरुण पुढे स्वतःच्या शेतातील काम चित्रित करून इतरांस दाखवू लागतात. ही गोष्ट विस्तार कार्याच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

परंतु आरंभ करणाऱ्यांपैकी पुष्कळांची उमेद फार काळ टिकत नाही. मृग नक्षत्रावर सुरू झालेले चॅनेल पोळ्यापर्यंत बंद पडते, असा अनुभव नेहमीचा आहे. पहिला व्हिडिओ नातेवाईक व मित्र कौतुकाने पाहतात. दुसऱ्या-तिसऱ्याला पन्नास-साठ प्रेक्षक मिळतात. पुढे आकडा तेथेच अडकतो किंवा खाली येतो. रात्री जागून केलेल्या कामास सकाळी सतरा प्रेक्षक दिसले म्हणजे मन खट्टू होते. त्यातच पारावर कोणी तरी विचारतो, "काहून बाप्पा, आज शुटिंग नाही काय?" घरचे वडीलधारे डवरणी राहिल्याची आठवण करून देतात. त्यांचे म्हणणे पुष्कळदा खरेही असते. अशा रीतीने काम थांबते, आणि ते थांबल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

वास्तविक पाहता असे काम थांबल्याने नुकसान कोणाचे होते? करणाऱ्याचे फारसे नाही. तो शेतकरी आहेच. नुकसान होते ते त्या गावाच्या जमिनीची जाण असलेला आवाज बंद पडल्याने. त्याची जागा रिकामी राहत नाही. औषधे, टॉनिके व बियाणे विकणाऱ्यांचे झगमगीत व्हिडिओ ती जागा व्यापतात. त्यांत एकाच पंपात तीन-चार औषधे मिसळून दाखविणारेही असतात. २०१७ सालच्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांस रुग्णालयात न्यावे लागले, हे आपण विसरू शकत नाही. उंच वाढलेले पीक, हातमोजे व तोंडावरील आच्छादन यांचा अभाव, आणि औषधांचे मनमानी मिश्रण ही कारणे त्या वेळी पुढे आली. हातमोजे घालावे असे पत्रकात छापलेले वाचणे वेगळे, आणि शेजारच्या गावचा आपल्या ओळखीचा माणूस ते घालून पंप भरताना पाहणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचा व्हिडिओ चाळीस जणांनी पाहिला तरी त्या चाळीसांत प्रत्यक्ष फवारणी करणारे किती होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

आकड्यांचा हिशेब

उमेद खचण्याचे मुख्य कारण असे, की लहान व्हिडिओकार आपले काम मोठ्या बाजाराच्या मापाने मोजतो. तेव्हा हे माप काय आहे ते एकदा नीट पाहावे. यूट्यूब २००५ साली सुरू झाले. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी २०१८ पासून अट अशी आहे, की चॅनेलचे किमान १,००० सदस्य असावेत व मागील बारा महिन्यांत प्रेक्षकांनी एकूण ४,००० तास व्हिडिओ पाहिलेले असावेत. अगदी छोट्या उभ्या व्हिडिओंसाठी तासांऐवजी नव्वद दिवसांत एक कोटी प्रेक्षणांची अट आहे. २०२३ साली ५०० सदस्यांची एक खालची पायरी ठेवण्यात आली. परंतु तिच्यावर प्रेक्षकांकडून थेट देणगी घेण्यासारख्या सोयी मिळतात, व्हिडिओवरील जाहिरातींचा वाटा मिळत नाही.

आता गणित करू. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. एक प्रेक्षक सरासरी तीन मिनिटे थांबला असे धरले, तर वर्षात ८०,००० वेळा व्हिडिओ पाहिला गेला पाहिजे. म्हणजे दररोज सुमारे २२० वेळा, पेरणीच्या दिवशीही आणि दिवाळीच्या दिवशीही. पाचशे उंबऱ्यांच्या गावासाठी, त्या गावच्या मातीविषयी, वऱ्हाडी बोलीत काम करणाऱ्यास हे साधणे अवघड आहे. ते साधले नाही तर त्यात त्याचा दोष नाही. यास्तव पहिली दोन-तीन वर्षे यातून पैसा येईल हा विचार बाजूस ठेवावा, व या कामासाठी कर्ज काढून महागडा कॅमेरा घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हातातील मोबाइल पुरेसा आहे. पैसे खर्च करावयाचेच असतील तर ते कॉलरला लावण्याच्या छोट्या माइकवर करावेत. कारण चित्र थोडे अंधुक असले तरी प्रेक्षक पाहतो, पण वाऱ्याच्या घोंघाटात बोलणे ऐकू आले नाही तर तो उठून जातो.

दुसरे माप आपल्याच कार्यात तयार आहे. शेतीशाळेच्या वर्गात साधारण पंचवीस शेतकरी असतात. पंचवीस जण शेवटपर्यंत बसले, त्यांनी प्रश्न विचारले, तर वर्ग चांगला झाला असे आपण समजतो. मग साठ जणांनी पाहिलेला व्हिडिओ अयशस्वी कसा? फरक इतकाच, की शेतीशाळेत समोरचे चेहरे दिसतात आणि मोबाइलवर नुसता आकडा दिसतो. चेहरे पुन्हा दिसू लागले तर उमेद टिकते. या बाबतीत आपल्याच राज्यातील एक जुना प्रयोग पुष्कळ शिकवून जातो.

पुण्याचा रेडिओ व बंगळूरचा व्हिडिओ

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील १५० खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापन केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम प्रसारित होई. एकूण वीस कार्यक्रम झाले. गावातील निवडक मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, संपल्यावर त्यावर चर्चा करीत, आणि आपल्या शंका व निर्णय लिहून केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील प्रसारणांत दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने या प्रयोगाचे मूल्यमापन झाले. ज्या गावांत मंडळे होती तेथील लोकांच्या ज्ञानात, मंडळे नसलेल्या गावांच्या मानाने, पुष्कळ अधिक भर पडल्याचे दिसून आले. पुढे १९५९ पासून ही योजना देशात इतरत्रही नेण्यात आली. प्रसारण करणाऱ्यास कोण ऐकतो आहे हे कळत होते, आणि ऐकणाऱ्यास आपला प्रश्न पोहोचला हे कळत होते. हे दुहेरी येणेजाणे हाच त्या प्रयोगाचा प्राण होता. दिल्लीच्या दूरचित्रवाणीवर २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' सुरू झाले तेव्हाही आसपासच्या ८० खेड्यांत सामुदायिक संच बसविले होते, ते याच विचाराने.

दुसरा प्रयोग अलीकडचा आहे, व तो थेट व्हिडिओंचाच आहे. २००६ साली बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन संस्थेत रिकिन गांधी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डिजिटल ग्रीन' या नावाने कर्नाटकातील खेड्यांत काम सुरू केले. त्याच भागातील शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात केलेले काम साध्या कॅमेऱ्याने टिपावयाचे, आणि गावातीलच एका व्यक्तीने ते छोट्या गटांस दाखवावयाचे, अशी रीत होती. दाखविणारा मध्येच चित्र थांबवून प्रश्न विचारी, कोणी ते करून पाहणार आहे काय याची नोंद ठेवी, व पुढे शेतावर जाऊन पाहणी करी. सोळा गावांतील तुलनेत असे आढळले, की नुसत्या भेटी देऊन शिकविण्याच्या पद्धतीपेक्षा खर्चाच्या मानाने ही रीत सुमारे दहापट परिणामकारक ठरली. त्याहून बोधप्रद गोष्ट पुढेच आहे. व्हिडिओ पाहताच शेतकरी प्रथम विचारीत, या माणसाचे नाव काय, आणि हा कोणत्या गावचा? सांगणारा आपल्यासारखा आहे, त्याची जमीन व ऐपत आपल्यासारखी आहे, हे पटले की मगच ते पुढे ऐकत.

लहान व्हिडिओकाराची खरी ताकद येथे आहे. मोठ्या शहरातील लाखो सदस्यांच्या चॅनेलला मालेगाव तालुक्यातील हलक्या जमिनीवरच्या शेतकऱ्याचा शेजारी होता येत नाही. मानोरा तालुक्यातील तांड्यावरील एखादा तरुण गोरमाटी बोलीत हरभऱ्यावरील मर रोगाविषयी बोलेल, तर त्याचे प्रेक्षक थोडेच असतील. पण ते काम त्याच्यावाचून दुसरे कोणी करणार नाही. आणि येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बियाणे निवडणे, निंदणी, तूर सोंगणे ही कामे बहुतांशी स्त्रिया करतात. व्हिडिओत मात्र उभा राहून बोलणारा जवळजवळ नेहमी पुरुष असतो. बचत गटातील भगिनींनी मोबाइल हाती घेतल्यास विषयांची वाण कधीच पडणार नाही.

या संदर्भात अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. सत्तरीच्या घरातील, शाळेत न गेलेल्या या आजींनी २०२० साली नातवाच्या मदतीने 'आपली आजी' हे स्वयंपाकाचे चॅनेल सुरू केले. कॅमेऱ्याची सवय मुळीच नव्हती. कारल्याच्या भाजीच्या व्हिडिओने त्या घरोघरी माहीत झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोणा भामट्याने ते चॅनेल बळकावले. काही दिवसांनी ते परत मिळाले व काम पुढे चालू राहिले. प्रत्येकाच्या वाट्यास असे यश येईल असे मुळीच नाही, आणि त्या आशेवर कोणी राहू नये. तथापि दोन गोष्टी त्यातून घेण्यासारख्या आहेत. त्या आयुष्यभर जे करीत आल्या तेच त्यांनी दाखविले, विषय उसना आणला नाही. दुसरी गोष्ट सावधगिरीची: खात्यास दुहेरी पडताळणीचे कुलूप लावावे, आणि मूळ चित्रण स्वतःजवळ वेगळे जपून ठेवावे. वर्षभराचे काम एका रात्रीत नाहीसे झाल्यावर उमेद राहणे कठीण.

हंगामाबरोबर चालणे

शेतीच्या व्हिडिओंना एक स्वभाव असतो, तो ध्यानी घेतला तर पुष्कळ निराशा टळते. ते पिकाबरोबर जागे होतात व पिकाबरोबर निजतात. चक्रीभुंग्याचा व्हिडिओ सप्टेंबरात टाकला तर तो कोणी पाहणार नाही. पण तोच पुढील जुलैत, शेतात फांद्या सुकू लागल्या म्हणजे, लोक शोधून काढतील. चक्रीभुंग्याची मादी सोयाबीनच्या देठावर किंवा फांदीवर थोड्या अंतराने दोन चक्रे पाडते व त्यांच्या मध्ये अंडे घालते. वरचा भाग मग सुकून लोंबतो. ती दोन चक्रे जवळून, स्थिर हाताने, सकाळच्या उजेडात टिपली तर तो व्हिडिओ पाच वर्षे उपयोगी पडेल. म्हणून पहिल्या आठवड्याच्या आकड्यावरून निकाल काढू नये. व्हिडिओचे नाव साधे ठेवावे: पीक, अडचण, महिना व तालुका. "पाहून थक्क व्हाल" अशी नावे टाळावीत. शोधणारा शेतकरी थक्क होण्यासाठी आलेला नसतो.

किती व्हिडिओ करावेत? रोज एक करावा असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. शेती करणाऱ्यास तो लागू नाही. पंधरवड्यास एक, तोही पुढील पंधरवड्यात येणाऱ्या कामाविषयी, एवढे पुरे आहे. पेरणी व सोंगणीच्या धांदलीत नवीन काही करू नये. त्या दिवसांत केवळ दोन-दोन मिनिटांचे चित्रण टिपून ठेवावे व मोकळ्या वेळी जोडावे. एकट्याने न करता दोघा-तिघांनी मिळून केल्यास एकाच्या अडचणीने काम थांबत नाही. आकडे पाहण्यासाठी आठवड्यातून एक दिवस ठरवावा, बाजाराच्या आदला दिवस बरा, आणि इतर दिवशी ते उघडूच नयेत. त्याऐवजी एक साधी वही ठेवावी. कोणी फोन केला, काय विचारले, सांगितलेले करून पाहिले काय, आणि काय घडले, इतक्या नोंदी तीत असाव्यात. हंगामाच्या शेवटी त्या वहीत नऊ नावे असतील तर त्या नऊ शेतांवर जाऊन यावे. पुढील वर्षीचे विषय तेथेच मिळतात.

फसलेले कामही दाखवावे. रुंद वरंबा सरीवर पेरलेले सोयाबीन पावसाच्या खंडात तगले हे दाखविण्याइतकेच, वरंबे उताराच्या दिशेने पाडल्याने माती वाहून गेली हे दाखविणेही उपयुक्त असते. अशा व्हिडिओवर हसणारे असतील. परंतु विश्वास त्यानेच बसतो.

विश्वासाची कसोटी पुढे आणखी एका ठिकाणी लागते. चॅनेल थोडे वाढले, की एखाद्या मालाची स्तुती करण्यासाठी पैसे किंवा मोफत माल देऊ करणारे येतात. कष्टाचा मोबदला घेण्यात गैर काही नाही; पण केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे अशी जाहिरात ही जाहिरात आहे, हे प्रेक्षकांस स्पष्ट सांगितले पाहिजे. औषधाच्या बाबतीत तर त्याच्या वेष्टनावर ज्या पिकासाठी व ज्या प्रमाणात वापर छापला आहे त्यापलीकडे एक शब्दही बोलू नये. शंका असेल तर रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रास किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांस विचारून मगच व्हिडिओ पुढे न्यावा. चुकीच्या मात्रेने करपलेल्या शेताचा मालक आपल्याच गावात राहतो व रोज भेटतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडून येथे बरेच काही होण्यासारखे आहे. आपल्या सज्जातील असे तीन-चार तरुण-तरुणी हेरून ठेवावेत. त्यांचे व्हिडिओ तपासून द्यावेत, व बरे असतील ते गावाच्या व्हॉट्सॲप गटात आपल्या नावानिशी पाठवावेत. शेतीशाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दहा-बारा जणांस बसवून एखादा व्हिडिओ मध्ये थांबवीत दाखवावा, आणि त्या वेळी करणाऱ्यास तेथे हजर ठेवावे. आपण टिपलेले चित्र पाहून म्हातारा शेतकरी "थांब, ते पुन्हा दाखव" असे म्हणतो, तेव्हा त्या तरुणास जे मिळते ते मोबाइलवरील आकड्याने मिळत नाही. त्याच बैठकीत विचारलेला प्रश्न हा त्याचा पुढचा विषय.

नव्याने आरंभ करणाऱ्यांसाठी एक विषय सुचवितो. मे महिन्याच्या मध्यास घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता तपासावी. ओल्या पोत्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, पोते गुंडाळून सावलीत ठेवावे व ओल कायम राखावी. पहिल्या दिवशी मांडणी, मधल्या दिवशी एकदा पोते उलगडून, आणि सातव्या दिवशी मोजणी, अशी तीन चित्रणे मिळून चार मिनिटांचा व्हिडिओ होतो. शंभरांपैकी सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर शिफारशीइतके, म्हणजे एकरी सुमारे ३० किलो बियाणे पुरते. साठ ते सत्तरच्या दरम्यान असतील तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये हेही जाता जाता सांगावे. मोजणी सुरू असताना चित्रण मध्ये तोडू नये. दाणे अठ्ठावन्न निघाले तर अठ्ठावन्नच दाखवावेत, आणि हे बियाणे यंदा पेरावयाचे नाही असे म्हणून ते पोते बाजूस ठेवावे.